पानं गळाली की या

फेब्रुवारी संपत आला की मला फोन येऊ लागतात. शाळेची सहल काढायची असलेल्या शिक्षिकांचे, सोसायटीतल्या मंडळींचे, गावाहून आलेल्या पाहुण्यांना कुठे न्यावं या विवंचनेत असलेल्यांचे. पहिला प्रश्न ठरलेला: "बाई, धबधबा आहे का आता?" नाही म्हटलं की दुसराही ठरलेला: "मग आत्ता येऊन बघायचं काय?"

बघायचं पुष्कळ आहे. माझं तर स्पष्ट मत आहे की बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान ज्याला खरोखर ओळखायचंय, त्यानं माघ सरताना यावं आणि चैत्र संपेपर्यंत येत राहावं. पावसाळ्यात इथे सगळंच हिरवं असतं. त्या हिरव्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, एक झाड दुसऱ्यापासून वेगळं काढता येत नाही. डिसेंबरात हवा छान असते, म्हणून गर्दीही तेव्हाच. फाल्गुनात मात्र पानगळ झालेली असते, फांद्या मोकळ्या असतात, आणि जंगल तुम्हाला लांबवर आत डोकावू देतं. शिवाय इथल्या निम्म्याअधिक मोठ्या झाडांचा फुलण्याचा किंवा नवी पालवी फुटण्याचा काळ हाच.

कांदिवलीच्या एका मराठी शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर रविवारी सकाळी, ज्यांना यायचंय त्यांना घेऊन मी उद्यानात फिरते. फी नाही, नाव नोंदवणं नाही. अट एकच, बोलायचं हळू आणि चालायचंही हळू. या फेऱ्यांत एखादं तरी मूल पानं झडलेल्या झाडाकडे बोट दाखवून विचारतंच, "हे मेलंय का?" मला हा प्रश्न फार आवडतो, कारण वसंतातल्या जंगलाची गोष्ट नेमकी तिथूनच सुरू करता येते.

झाड मेलेलं नसतं. मुंबईत पाऊस पडतो भरपूर, पण तो चार महिन्यांत पडून जातो. पुढे आठ महिने झाडाला जमिनीत मुरलेल्या पाण्यावर काढायचे असतात. पानांवरच्या बारीक छिद्रांतून पाणी सतत वाफ होऊन जात असतं, म्हणून ऊन तापायला लागलं की पानझडी झाडं पानंच टाकून देतात. पानं गेली की पाण्याचा खर्च थांबतो, मुळं ओढतील ते पाणी खोडात साठू लागतं, आणि त्या पाण्यावर कळ्या फुलतात. ओकंबोकं दिसणारं झाड त्या वेळी आतून सगळ्यात जास्त कामात असतं. फुलायला हीच वेळ का, याचं उत्तरही मुलांना झाडाखाली उभं केलं की लगेच सापडतं: मध्ये पान नसल्यामुळे फूल लांबून दिसतं. ज्या पाखरांनी यावं अशी झाडाची गरज असते, त्यांना ते आकाशातूनच दिसतं.

याचा सगळ्यात चांगला धडा काटेसावर देते. तिला शाल्मलीही म्हणतात. मुख्य दरवाजातून आत आल्यावर कान्हेरीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला उंच, सरळ बुंध्याची, आडव्या फांद्यांची झाडं दिसतात. कोवळ्या झाडाच्या खोडावर शंकूसारखे जाड काटे असतात. जनावरांनी साल ओरबाडू नये म्हणून ते. झाड मोठं झालं की काटे बुंध्यावरून कमी होत जातात. फुलाचा देठाकडचा भाग म्हणजे एक जाड, चिवट वाटी असते आणि तिच्यात मध असतो. वर पाच मांसल लाल पाकळ्या, मधे पुंकेसरांचे झुपके. तळहातावर फूल मावत नाही.

सकाळी सात ते नऊ या वेळात एखाद्या फुललेल्या सावरीखाली बसा. दुर्बीण असेल तर उत्तम, नसली तरी चालेल. कोतवाल येतात आणि येताच एकमेकांवर धावून जातात. साळुंक्या टोळीनं येतात. बुलबुल, सूर्यपक्षी, हिरव्या पालवीत एरवी अजिबात न दिसणारा हरेवा, पोपट, आणि नशीब असेल तर शेपटीला दोन लांब तारा लावल्यासारखा पल्लवपुच्छ कोतवाल. या तारांच्या टोकाला पिसांचे छोटे झुबके असतात आणि उडताना दोन भुंगे त्याचा पाठलाग करताहेत असा भास होतो. प्रत्येक पक्षी फुलात डोकं खुपसतो आणि बाहेर काढतो तेव्हा त्याच्या कपाळावर परागाची पावडर असते. खारी तर पाकळ्या कुरतडून सरळ मधापर्यंत पोचतात, झाडाला त्यातून काही मिळत नाही. दर थोड्या वेळानं एक फूल 'टप्प' करून खाली पडतं. फूल जड असल्यामुळे आवाज मोठा येतो, लहान मुलं दचकतात. खाली पडलेली ही फुलं चितळ आवडीनं खातात. माणसांचा वावर कमी असलेल्या भागात सकाळी सावरीखाली चितळांचा कळप सापडण्याची शक्यता म्हणूनच जास्त.

एप्रिलमध्ये सावरीची बोंडं तडकतात आणि कापूस उडू लागतो. त्या कापसाच्या पुंजक्यात बी असतं. अजून झाडावर पानं पुरती आलेली नसतात, त्यामुळे वाऱ्याला अडथळा नाही, बी लांब जातं. दीड-दोन महिन्यांत पाऊस येणार असतो. सगळा हिशेब पावसाचा आहे, एवढं लक्षात आलं की बाकीची झाडं आपोआप उलगडत जातात.

कोशिंबाचंच बघा. काहीजण त्याला कुसुम म्हणतात. मार्चच्या आसपास हे झाड अख्खं तांबडं होतं. लांबून बघणाऱ्याला फुलं आली आहेत असंच वाटतं, आणि दर वर्षी कुणीतरी मला "बाई, ते लाल फुलांचं झाड कोणतं?" म्हणून विचारतंच. ती फुलं नसतात, नवी पालवी असते. हात लावा, ओलसर आणि मऊ लागते. पानात हिरवं द्रव्य पुरतं तयार व्हायच्या आधी लाल रंगद्रव्य येतं, आणि कोवळ्या पानाला कडक उन्हाचा त्रास कमी होतो. दोनेक आठवड्यांत तांबडं तांब्याचं होतं, मग पोपटी, मग नेहमीचं हिरवं. झाडावर पाऊस पडेपर्यंत सगळी पानं अन्न तयार करायला सज्ज असतात. त्याच्या शेजारचा साग मात्र जूनपर्यंत ओकाबोका उभा राहतो. एकाच मातीत, एकाच पावसावर जगणाऱ्या झाडांनी किती वेगवेगळ्या वाटा काढल्या आहेत, हे पानगळीतच दिसतं. कोशिंबावर आणि पळसावर लाखेचे किडे वाढतात. कपाटातल्या जुन्या कागदपत्रांवरचं लाखेचं सील ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे झाड दाखवायला मला विशेष आनंद होतो.

बाकीची नावं भराभर सांगते. पांगारा लालभडक, त्याच्यावर मैनांचा कल्ला. पळस केशरी. शिवणीला मळकट पिवळी, तपकिरी छटेची फुलं येतात. झाडाकडे कुणी बघत नाही, पण खाली सडा पडलेला असतो. वावळाला कागदासारखी पातळ चकतीची फळं लागतात, मधे बी आणि भोवती पंख. लहान मुलांना ती वर फेकून भिरभिरताना बघायला आवडतात. करवंदीच्या जाळ्यांना पांढरी, वासाची फुलं येतात आणि वाटेवरून जाताना फुलांआधी वासच पोचतो. कान्हेरीच्या खडकांकडे चढताना कांडोळ दिसेल. पांढुरका, कागदासारखी साल सुटणारा बुंधा, एकही पान नाही. उन्हाळ्यात त्याला चांदणीच्या आकाराची लाल मखमली फळं येतात. दिसायला सुंदर, पण हात लावू नका. त्यांच्यावरची लव बोचते आणि खाजते.

कुंभ्यासाठी थोडं थांबते, कारण तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. कुंभ्याची फुलं संध्याकाळी उमलतात आणि सकाळपर्यंत गळून पडतात. तुम्ही दहा वाजता आलात तर झाडावर काही नसतं. लवकर आलात तर बुंध्याभोवती पांढऱ्या-गुलाबी लांब तंतूंची फुलं पसरलेली असतात, प्रत्येक फूल पावडर लावायच्या पफएवढं. वास फारसा चांगला नसतो. रात्री येणाऱ्या वटवाघळांना तो चालतो. त्याची साल जाड आणि धागेदार असते. तोड्याच्या बंदुकांच्या काळात या सालीच्या धाग्याचा तोडा करत, कारण तो भडकत नाही, धुमसत राहतो. जंगलात वणवा येऊन गेला तरी कुंभा बहुधा टिकतो, तेही याच सालीच्या जोरावर.

वणव्याचं बोलायलाच हवं. फेब्रुवारी ते मे हे या जंगलाचे धोक्याचे महिने. गवत वाळून कोळ झालेलं असतं, पाचोळा घोट्याएवढा साचलेला असतो. हिवाळ्यातच वनखातं जाळरेषा काढतं, म्हणजे ठराविक पट्ट्यातलं गवत आधीच जाळून टाकतं, म्हणजे आग लागली तर ती पुढे सरकू नये. आग लागली की वनरक्षक आणि पाड्यावरची माणसं हिरव्या फांद्या घेऊन झोडपून विझवतात. ज्यांनी ते काम केलंय त्यांचे काळवंडलेले हात मी पाहिले आहेत. या जंगलातली आग क्वचितच आपोआप लागते. विडी, सिगारेट, चूल, कुणीतरी केलेली शेकोटी. तेव्हा काडेपेटी आणि लायटर गाडीतच ठेवून या. हे मी हात जोडून सांगते.

आता प्राणी. बिबट्या दिसेल का, हा धबधब्याखालोखालचा प्रश्न. २०१५ साली कॅमेरे लावून झालेल्या गणनेत उद्यान आणि त्याच्या लगतच्या भागात ३५ बिबटे नोंदवले गेले. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, चहूबाजूंनी शहर, आणि एवढे बिबटे. तरीही दिवसा वाटेवर तो दिसण्याची आशा धरू नका. तो मागे ठेवून गेलेलं मात्र फाल्गुनात नक्की वाचता येतं. वाटेवर मऊ धूळ असते आणि सकाळी तिच्यावर रात्रभराची नोंद असते. गोल ठसा, मागच्या गादीला तीन फुगवटे, चार बोटं आणि नखांची खूण नाही, तर मांजरकुळातला. नखांचे टोकदार ठिपके दिसले तर कुत्रा. कारण बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. मुलांना मी दोन्ही ठसे शेजारी शेजारी शोधायला लावते. एकदा ते जमलं की मुलं मान वर करत नाहीत. भेकराचे दोन टोकदार खूर, रानडुकराचे मागे दोन छोटे ठिपके पडलेले खूर, मोराची तीन बोटं, सापानं सोडलेली रेघ, सगळं वाचत जातात. पावसाळ्यात चिखलात हे सगळं एकमेकांवर पडून पुसून जातं.

बिबट्याच्या जंगलात वावरण्याचे नियम इथल्या पाड्यांवरच्या वारल्यांना पाठ असतात. ते वाघोबाला देव मानतात, त्याचं ठाणं असतं, आणि त्याच्या वाटेत आपण उगाच जाऊ नये ही समज लहानपणापासून असते. आपल्यासाठी त्यातलं थोडकं असं: अंधार पडायच्या आत बाहेर पडा, मुलांना पुढे धावू देऊ नका, मोठ्या माणसांच्या मधे ठेवा, आणि झुडपाजवळ खाली वाकून बसू नका.

कान्हेरी याच काळात बघावी असं मी का म्हणते, तर पाण्यासाठी. इथे इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून दहाव्या शतकापर्यंत भिक्षूंनी काळ्या पाषाणात १०९ लेणी कोरली. तिसऱ्या लेण्यातला चैत्य आणि त्याच्या ओवरीतल्या दोन उंच बुद्धमूर्ती सगळे बघतात, फोटो काढतात. एक्केचाळिसाव्या लेण्यातला अकरा मुखांचा अवलोकितेश्वरही जाणकार शोधत जातात. नव्वदाव्या लेण्यात पारशी प्रवाशांनी कोरलेले पहलवी लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालातले. व्यापारासाठी किंवा नुसतं बघायला म्हणूनही लोक तेव्हा इथवर येत होते. मला मात्र दर वेळी खिळवून ठेवतात त्या पोढ्या.

पोढी म्हणजे खडकात कोरलेली पाण्याची टाकी. जवळजवळ प्रत्येक विहारापाशी एक असतेच. वरच्या खडकावर बारीक चर कोरले आहेत. पावसाचं पाणी त्या चरांतून पोढीच्या तोंडापर्यंत येतं, कुठे कुठे वाटेत छोटा खड्डा आहे, त्यात गाळ बसतो आणि पुढे निवळ पाणी जातं. मार्चमध्ये डोंगर तापलेला असतो, पाय भाजतात, आणि तेव्हा वाकून पोढीत बघितलं की तळाशी पाणी चमकतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी कोरडे आठ महिने कसे काढले, त्याचा हा जिता पुरावा. पावसाळ्यात सगळीकडेच पाणी वाहत असताना या कोरीवकामाचं महत्त्व लक्षात येत नाही. त्याच डोंगररांगेत पुढे १८६० साली इंग्रजांनी विहार तलाव बांधला आणि मुंबईला पहिल्यांदा नळाचं पाणी मिळालं. १८७९ मध्ये तुळशी तलाव पुरा झाला. दोन्ही तलाव आजही शहराला पाणी देतात आणि त्यासाठीच तिथे सर्वसामान्यांना मोकळेपणी जाता येत नाही. ते योग्यच आहे. दहिसर नदी तुळशीच्या सांडव्यातून निघते आणि मिठी नदी विहार आणि पवईच्या सांडव्यांतून. उन्हाळ्यात दहिसर नदीचं पात्र उद्यानात खडक आणि डबकी एवढंच उरतं. त्या डबक्यांपाशी थांबा. चतुर, खंड्या आणि पाणी प्यायला येणारे पक्षी तिथेच भेटतात.

येण्याची माहिती. बोरिवली स्टेशनला पूर्वेला उतरलात तर चालत पंधरा-वीस मिनिटं, रिक्षानं पाच. मेट्रोनं येणाऱ्यांसाठी पश्चिम द्रुतगती महामार्गावरच 'राष्ट्रीय उद्यान' नावाचं स्थानक आहे, ते दरवाजाच्या अगदी जवळ पडतं. सोमवारी उद्यान बंद आणि कान्हेरीही. शाळेची सहल सोमवारी ठरवून आलेल्या बसगाड्या दरवाजावरून परत गेलेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून हे दोनदा वाचा. पहाटे फिरायला येणाऱ्यांना लवकर सोडतात, बाकीच्यांसाठी तिकीटखिडकी सकाळी साडेसातच्या सुमारास उघडते. उघडताच आत शिरा. फाल्गुनात दहानंतर ऊन लागतं आणि पक्षीही सावलीत बसतात. कान्हेरी दरवाजापासून सहा-सात किलोमीटर आत आहे. चालत जाणं उत्तम, कारण सावरी, कोशिंब, कुंभा सगळे याच रस्त्याला भेटतात. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी आतून बस जाते आणि सायकलीही भाड्यानं मिळतात. कान्हेरीचं तिकीट वेगळं, पुरातत्त्व खात्याचं. लेण्यांवर सावली फारशी नाही, टोपी हवीच. महाशिवरात्रीला कान्हेरीला प्रचंड गर्दी होते. झाडं बघायची असतील तर तो दिवस टाळा, जत्रा अनुभवायची असेल तर जरूर या.

शिलोंड्यासारख्या आतल्या पायवाटा मोकळ्या नसतात. वनखात्याची परवानगी आणि सोबत मार्गदर्शक लागतो. दरवाजाजवळच्या निसर्ग माहिती केंद्रात चौकशी करा. ज्यांना जाणकारांबरोबर पक्षी आणि कीटक बघायचे आहेत, त्यांच्यासाठी गोरेगावला चित्रनगरीच्या मागे, उद्यानाला लागून, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं शिक्षण केंद्र आहे. ही संस्था १८८३ पासूनची. तिथे आधी नाव नोंदवून जावं लागतं. ठाण्याच्या लोकांनी बोरिवलीपर्यंत यायची गरज नाही, येऊर हे याच जंगलाचं पूर्वेकडचं अंग आहे.

अंगावर काय घालावं? पूर्ण बाह्या, लांब पॅंट, बंद बूट. मातकट किंवा हिरवट रंग. हे फॅशनसाठी सांगत नाही. या दिवसांत खाजकुयलीच्या शेंगा वाळलेल्या असतात आणि त्यांच्यावरची सोनेरी लव वाऱ्यानं उडते. अंगाला लागली की जीव नकोसा होतो. लागली तर खाजवू नका आणि लगेच पाणीही ओतू नका. चिकटपट्टी लावून ओढा, म्हणजे लव निघून येते. पाड्यावरच्या बाया कोरडी माती चोळतात. गवतात गोचिडी असतात, घरी गेल्यावर मुलांच्या कानामागे आणि पोटऱ्यांना बघा. कान्हेरीच्या कड्यांवर आग्यामाश्यांची मोठी पोळी लटकलेली असतात. अत्तर, डिओ लावून जाऊ नका, दगड मारू नका, धूर करू नका, ओरडू नका. माश्या उठल्याच तर डोकं-तोंड कपड्यानं झाकून लांब निघून जा, हात झटकत उभं राहू नका.

माकडांना खायला घालू नका. पिशवी हातात धरली तर ती हिसकावतात. पाठीवरच्या सॅकमध्ये बंद ठेवा. माणसाचं अन्न त्यांना रस्त्यावर आणतं आणि रस्त्यावर ती गाडीखाली जातात. प्लास्टिकची पिशवी दरवाजाबाहेरच राहू द्या, पाण्याची बाटली परत नेण्यासाठीच आणा. आणि फूल, पान, बी, दगड, मोराचं पीस, काही उचलून नेऊ नका. खाली पडलेलं सावरीचं फूल हातात घेऊन नीट बघा, आतली वाटी बघा, मग जिथलं तिथे ठेवा. ते कुणाची तरी न्याहारी आहे.

खरेदी करायचीच असेल तर पाड्यांवरच्या बायकांकडून करा. हे जंगल राष्ट्रीय उद्यान व्हायच्या कितीतरी आधीपासून वारली, महादेव कोळी, कोकणा कुटुंबं इथे राहत आली आहेत. रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसलेल्या मावश्यांकडे फाल्गुनात काकड्या, कैऱ्या, चिंचा असतात, पुढे ताडगोळे, आणि मेमध्ये करवंदं-जांभळं. त्यांच्याशी दोन शब्द बोला. मोह कधी गळायला लागला, या वर्षी आंब्याला मोहोर कसा आहे, पावशा कधी ओरडायला लागला, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. एका मावशीनं मला एकदा विचारलं होतं, "तुमच्या पुस्तकात कुंभ्याची भाजी लिहिली आहे का?" कुंभ्याच्या कोवळ्या पानांचं कालवण कसं करतात ते त्यांनी मग तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. होळीला पाड्यांवर रात्रभर नाच असतो. आमंत्रण असेल तरच जा, कॅमेरा आत ठेवून जा.

ज्यांनी बोरिवली पाहिलंय त्यांनी याच आठवड्यांत कर्नाळ्याला जावं. पनवेलच्या पुढे मुंबई-गोवा महामार्गावरचं हे पक्षी अभयारण्य १९६८ सालचं, बारा चौरस किलोमीटरचं. किल्ल्यावरचा तो प्रसिद्ध सुळका लांबूनच दिसतो. तिथेही आग्यामाश्या, आणि अधिक. खालच्या जंगलातच हळदी-कुंकवाच्या रंगांची पाखरं पुरेशी भेटतात, सुळक्यापर्यंत जाण्याचा हट्ट नको. वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते आणि त्यांचं गाव शिरढोण याच रस्त्याला आहे, तिथेही थांबता येतं. वसईकरांना तुंगारेश्वर जवळ, २००३ पासूनचं अभयारण्य. त्याची शंकराच्या देवळापर्यंतची वाट मार्चमध्ये कोरडी आणि चालायला सोपी असते.

गुढीपाडव्यानंतर दिवस तापत जातात. एप्रिलमध्ये यायचं असेल तर उजाडताच फिरायला लागा आणि साडेनऊच्या आत सावलीत या. एप्रिलच्या मध्यापासून बहाव्याचे पिवळे घोस, त्यामागोमाग ताम्हणाची जांभळी फुलं. ताम्हण आपलं राज्यफूल, निदान एकदा तरी जंगलातल्या झाडावर पाहावं, रस्त्याच्या दुभाजकावरचं वेगळं. मे संपताना नवरंग येतो. छोटा, जमिनीवर पाचोळा उलटवत फिरणारा, पोटाखाली लाल, पाठ हिरवी, पंखावर निळं. त्याचे फोटो काढायला माणसं भल्या पहाटे येऊन बसतात आणि काहीजण तो जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवतात. तसं करू नका. तो तेव्हा जोडीदार आणि हद्द शोधत असतो, त्या खोट्या शिळेमागे धावून त्याची सकाळ वाया जाते. कान उघडे ठेवून एका जागी अर्धा तास बसलात तर तो स्वतःच आवाज देतो.